निळ्या तुऱ्याचं बी

जावयानं सासऱ्याला चारचौघांत शब्द देऊ नये. एकांतात दिलेला शब्द फिरवता येतो, लांबवता येतो, अगदीच अंगाशी आलं तर 'मी तसं म्हणालोच नव्हतो' म्हणून हात झटकता येतात. पण आमच्या या गृहस्थानं शब्द दिला तो दुपारच्या चहाला, रोपवाटिकेच्या पॅकिंग शेडमध्ये, सहा माणसांच्या देखत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"मामा, तुमचं निळ्या तुऱ्याचं बी मी उगवून देतो," तो म्हणाला. "ते उगवलं की मग जातो. तोवर इथून हलणार नाही."

"बघा हं जावईबापू," सासरे म्हणाले. "ते बी मोठं आडमुठं आहे."

"मी बंद पडलेल्या लिफ्टमधून माणसं बाहेर काढलीत मामा. बी काय, आज ना उद्या येईल वर."

सगळे हसले. त्याची बायको रिकामे कप गोळा करत होती, तीही हसल्यासारखं करून आत गेली.

मुळात हा माणूस मातीतला नव्हेच. बारा वर्षं त्यानं लिफ्टची दुरुस्ती केली होती. पुढं कंपनीनं या गावातली शाखा बंद केली आणि तो घरी बसला. त्याच सुमाराला सासऱ्यांच्या रोपवाटिकेतला पंप बिघडला होता. तो दुरुस्त करायला म्हणून चार दिवस आला. पंपानंतर पाइप निघाले, पाइपनंतर काचघराच्या खिडक्या, मग पंखे, मग रोपं पोचवायची व्हॅन. चार दिवसांची चार वर्षं झाली. 'घरजावई' हा शब्द त्याच्या तोंडावर कुणी कधी उच्चारला नाही. त्यामुळं पाठीमागं किती जण उच्चारत असतील, याचा विचार करायला त्याला भरपूर वेळ मिळे. तोंडावर सगळे त्याला 'लिफ्टवाले' म्हणत.

राहायची जागा शेडच्या वर. एक खोली, एक स्वयंपाकघर आणि जिना. खोलीला एकच खिडकी होती आणि ती नेमकी काचघराच्या छपरावर उघडत होती. म्हणजे सकाळी डोळे उघडले की खाली ट्रे, आणि रात्री मिटायच्या आधीही खाली ट्रेच. पंप चालू झाला की कॉट थरथरे. सासरे खाली शेडला लागून असलेल्या खोलीत राहत आणि त्यांना रात्री खोकला आला की वर या दोघांची झोप मोडे. आपण एका मोठ्या यंत्राच्या आत राहतो आणि ते बंद करायचं बटण आपल्या हातात नाही, असं त्याला वाटे. ते तो कुणाला बोलून दाखवत नसे, कारण सासरे वाईट नव्हते. वाईट असते तर केव्हाच भांडून निघून गेला असता. चांगल्या माणसाच्या घरातून निघणं फार अवघड असतं.

अशात त्याच्या जुन्या साहेबांचा फोन आला. दुसऱ्या शहरात त्यांनी लिफ्टचं स्वतःचं वर्कशॉप काढलं होतं. "तुझ्यासारखा हात मला मिळत नाहीये," साहेब म्हणाले. "राहायला जागा देतो. ये."

त्या रात्री त्याला आनंदानं झोप लागली नाही. सकाळी तो थेट सासऱ्यांकडं गेला. नेमके तेव्हा सासरे खचलेले होते. त्यांच्या डोळ्यांपुढं वर्षभरापासून धुकं आलं होतं. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की यात आता सुधारणा नाही. वरून त्या आठवड्यात वाफ्याची मोरी तुंबून निळ्या तुऱ्याची सगळी जुनी रोपं मुळाशी कुजली होती. हा निळा तुरा म्हणजे म्हाताऱ्याचा जीव की प्राण. कमरेएवढा उंच वाढणारा, दरवर्षी त्याच खुंटातून पुन्हा फुटणारा, आणि निळा असा की गिऱ्हाईक बोलायचं थांबे. तीस वर्षं बी निवडून निवडून त्यांनी तो रंग टिकवला होता. आता उरलं होतं कागदाच्या पुडीतलं मूठभर बी, आणि ते ठेवून ठेवलं तर मरणारं.

"तुम्ही जा हो," सासरे म्हणाले. "मी कोण अडवणार? फक्त हे माझ्या हातून व्हायचं नाही आता. मला दिसत नाही." आणि ते दुसरीकडं तोंड करून बसले.

त्यावर दुपारी चहाला त्यानं तो शब्द देऊन टाकला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. त्याला वाटलं होतं, बी म्हणजे पंधरा दिवसांचं काम.

पंधरा दिवस! ते बी आधी थंडी मागतं. ओल्या वाळूत कालवून डब्यात भरायचं आणि तीन महिने फ्रिजमध्ये ठेवायचं, तेव्हा कुठं त्याची झोप चाळवते. फ्रिज घरातलाच. मधल्या कप्प्यात डाव्या कोपऱ्यात, दुधाच्या शेजारी तो डबा बसला. दूध काढताना रोज त्याचा हात डब्याला लागे. तीन महिन्यांनी वाळूसकट बी ट्रेमध्ये पसरलं, काचघराच्या सावलीच्या कोपऱ्यात ठेवलं, आणि सासऱ्यांनी सांगितलं, "आता वाट बघायची. एकदम नाही येत. आज एक, दहा दिवसांनी दोन. काही तर पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी?"

"आडमुठं म्हणालो नव्हतो का?"

"आणि उगवलं की ओळखू कसं? पान कसं असतं?"

"पंज्यासारखं. कडेनं चिरलेलं. लहान मूलही ओळखेल."

इथंच सगळं चुकलं. तीस वर्षं जे हातानं केलं ते माणसाला सांगता येत नाही. जे सगळ्यांना माहीत असतं ते कुणीच सांगत नाही. त्या रोपवाटिकेत बाकी सगळी लागवड कलमांची आणि कंदांची. बी पेरायचं काम म्हातारा एकट्यानं करत आलेला. ह्यानं जन्मात एक बी पेरलेलं नव्हतं.

आणि तिथला नियम असा की ज्याचा ट्रे त्याचा हात. ज्यानं पेरलं त्यानंच पाणी द्यायचं, त्यानंच निंदायचं. दुसऱ्यानं हात लावायचा नाही, सल्लाही द्यायचा नाही. दोन हातांचं पाणी कमीजास्त होतं आणि रोप मरतं, मग भांडणं लागतात. म्हणून ट्रेमध्ये खोचायच्या प्रत्येकाच्या पट्टीचा रंग वेगळा. त्याची पिवळी, बायकोची लाल, कलमं बांधणाऱ्या मावशींची हिरवी. दुसऱ्याच्या रंगाकडं कुणी ढुंकून बघत नसे.

त्यानं मात्र ट्रेची सेवा केली ती लिफ्टच्या माणसाच्या शिस्तीनं. रोज सकाळी सहाला भिंग आणि बारीक चिमटा घेऊन बसायचा. ट्रेमध्ये बटणगवत फार यायचं. रोपवाटिकेत हे तण सगळीकडंच, दोन गोल गोल पानांचं, शर्टाच्या बटणाएवढं. "तण ठेवू नका," सासऱ्यांनी बजावलं होतं. "ते बियांचं पाणी पितं." मग हा एकेक बटण भिंगाखाली धरून, देठाच्या बुडाशी चिमटा लावून, मुळासकट अलगद उपटायचा आणि पत्र्याच्या डब्यात टाकायचा. डबा भरला नाही तरी बायको रोज तो उचलून नेई आणि रिकामा करून आणून ठेवी.

"काही दिसतंय का?" सासरे दाराशी येऊन विचारत.

"नाही मामा. नुसतं तण."

"येईल, येईल."

वसंत गेला, उन्हाळा गेला. पंज्यासारखं पान काही आलं नाही. साहेबांचा महिन्याला एक फोन येई आणि हा महिन्याला एक कारण देई. सासऱ्यांची तब्येत, व्हॅनचं काम, पंप. 'बी उगवायची वाट बघतोय' असं सांगायची त्याला लाज वाटे. धडधाकट माणूस एका ट्रेनं धरून ठेवलाय हे कुणाला पटणार? एकदा रोपं पोचवून परतताना हमरस्त्याच्या फाट्यावर त्यानं व्हॅन थांबवली. डावीकडं घर होतं, सरळ गेलं तर पाच तासांत साहेबांचं वर्कशॉप. तो वीस मिनिटं गाडीचं इंजिन चालू ठेवून तिथं उभा राहिला. मग डावीकडं वळला. इकडं आड तिकडं विहीर, आणि मध्ये शब्द.

बायकोला त्यानं हे सांगितलं का? सांगितलं. रोज सांगायचा. साहेब काय म्हणाले, खोली कशी असेल, मामांची सोय कशी लावायची, व्हॅन कोण चालवेल, मावशींच्या भाच्याला शिकवता येईल का. ती ऐकायची. "हं" म्हणायची. तशी ती कमी बोलणारीच.

दुसऱ्या हिवाळ्यात तो अख्खा ट्रे पुन्हा फ्रिजमध्ये गेला. दूध दाराच्या कप्प्यात हललं. पुन्हा तीन महिने. पुन्हा काचघर, भिंग, चिमटा आणि बटणगवत. या वेळी तो दात ओठ खाऊन उपटायचा. त्या ट्रेचा त्याला संताप यायचा, आणि मातीचा आणि काचेचा आणि त्या कोमट ओलसर वासाचा, जो आता त्याच्या शर्टांनाही येत होता. एक दिवस साहेब म्हणाले, "हे बघ, महिनाअखेरपर्यंत थांबतो. नंतर दुसरा माणूस घेतो. राग मानू नकोस."

महिना संपायला नऊ दिवस होते तेव्हा पाण्याचा जोर कमी झाला.

काचघराच्या टोकाचे फवारे नुसते ठिबकत होते. पाणी कुठंतरी गळत होतं. तिथला प्रत्येक पाइप त्यानं स्वतः टाकलेला, प्रत्येक जोड त्याच्या ओळखीचा. तो पाइपाच्या कडेकडेनं चालत शेडच्या मागं आला. तिथं भिंत आणि जुनी पाण्याची टाकी यांच्यामध्ये माणूस अंग तिरकं करून जाईल एवढी बोळ होती. तिच्या तोंडाशी लाल पट्टी लावलेली, म्हणून तो कधी आत गेला नव्हता. पण पाइपाला तिथं एक जोड होता, आणि तो जोड त्याचा नव्हता. रबरी नळी घुसवून वरून सुतळीनं आवळलेली. असलं गबाळं काम त्यानं जन्मात केलं नसतं. तो नळीच्या मागं आत शिरला.

बोळ पुढं रुंद झाली होती. भिंतीला टेकून फळ्यांचा एक लांब कट्टा होता आणि कट्ट्यावर ओळीनं कुंड्या. उजव्या टोकाच्या कुंड्यांमधली रोपं हातभर उंच, पानं पंज्यासारखी, कडेनं चिरलेली. एकीला तुरा आला होता आणि खालच्या दोन कळ्या फुटून निळ्या दिसत होत्या. तो जागच्या जागी थांबला. मग डावीकडं बघत गेला. रोपं लहान होत गेली. वीतभर, मग चार बोटं, मग एवढीशी. शेवटून तिसऱ्या कुंडीत खाली दोन गोल पानं होती आणि त्यांच्या मधून एक चिरलेलं पान नुकतं वर येत होतं. शेवटच्या दोन कुंड्यांत नुसती दोन दोन गोल पानं. बटणगवत.

प्रत्येक कुंडीत लाल पट्टी, पट्टीवर बायकोच्या अक्षरात तारीख. शेवटच्या दोन कुंड्यांवर कालची तारीख होती. काल त्यानं ट्रेमधून बरीच तणं उपटली होती. पहिल्या कुंडीवरची तारीख गेल्या वर्षाच्या वसंतातली होती.

त्यानं कुंड्या मोजल्या. त्रेचाळीस भरल्या. एका पालथ्या बादलीवर तो बसला. गेलं वर्षभर रोज सकाळी भिंग लावून त्यानं आपली सुटका आपल्याच हातानं उपटून डब्यात टाकली होती.

बोळीत पावलं वाजली. बायको आली. तिच्या हातात पत्र्याचा डबा होता. त्याला बघून ती थबकली, पण मागं फिरली नाही. डबा कट्ट्यावर ठेवून तिनं एक रिकामी कुंडी पुढं ओढली.

"ही मी उपटलेली?" त्यानं विचारलं.

"हो."

"सगळी?"

"तुम्ही चांगलं उपटता. मूळ तुटत नाही. तीन-चारच दगावली." ती आजचं रोप काडीनं मातीत बसवू लागली. "खऱ्या बटणगवताचा देठ लाल असतो. ह्याचा हिरवा. लहानपणापासून बघतेय मी."

"म्हणजे पहिल्या दिवसापासून तुला माहीत होतं."

"पहिल्याच दिवसापासून."

"आणि तू मूग गिळून बसलीस! ट्रे माझा, म्हणून? तो नियम डोक्यात ठेवून?"

"नियमाचं काय घेऊन बसलात. नियम आमच्याच घरानं केलाय."

"मग का? मी इथं कुजतोय हे तुला दिसत नव्हतं? फाट्यावर गाडी थांबवून रडलोय मी. तुला मला अडकवूनच ठेवायचं होतं, तर तसं सांगायचंस."

काडी तिच्या हातात तशीच राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता. ती ओरडली नाही.

"मला वाटलं होतं, विचाराल."

"काय विचारू?"

"मी येतेय का, ते." तिनं त्याच्याकडं बघितलं. "बाबांना विचारलंत. साहेबांना विचारलंत. व्हॅन कोण चालवेल ते मावशींना विचारलंत. ह्या बियांना तर रोज सकाळी सहाला विचारत होतात. म्हटलं, कधीतरी माझा नंबर लागेल. रोज डबा उचलताना वाटायचं, आज विचारतील. विचारलंत की लगेच हात धरून इथं आणणार होते आणि हे सगळं दाखवणार होते. पहिल्या रोपापासून तेच ठरवलं होतं."

तो गोंधळला. खरोखरच गोंधळला, सोंग नव्हतं. "त्यात विचारायचं काय?" तो म्हणाला. "तू येणारच की. बायको आहेस माझी."

"हं," ती म्हणाली, आणि कुंडीवर पट्टी लावायला वाकली.

तेवढ्यात शेडमधून सासऱ्यांची हाक आली. पाणी का बंद आहे, सगळे कुठं मेलेत. ती हात पुसत बोळीच्या तोंडाशी गेली आणि मोठ्यानं म्हणाली, "बाबा, इकडं या. तुमचा निळा तुरा आलाय."

म्हातारा भिंत चाचपत आला. मागून मावशी आल्या. तिनं वडिलांचा हात धरून सगळ्यात मोठ्या रोपावर ठेवला. बोटं पानाच्या चिरांमधून फिरली, देठावरून वर चढली, उमललेल्या कळ्यांपाशी थांबली.

"निळा आहे? तोच?"

"तोच. तसूभरही फरक नाही."

"किती आलीत?"

"आजचं धरून चव्वेचाळीस."

"कुणी केलं हे?"

"त्यांनी," ती म्हणाली. "एकेक रोप स्वतःच्या हातानं काढलं ट्रेमधून. मी नुसती कुंडीत लावली."

"आणि मला रोज सांगत होते, नुसतं तण आहे!" म्हातारा रडता रडता हसायला लागला. "वा रे जावईबापू! मला चकवायला लपवून ठेवलीत होय? वर्षभर पोटात ठेवलंत!" त्यानं चाचपडत जावयाचे खांदे पकडले आणि त्याला उराशी धरलं. "शब्द म्हणजे शब्द. जिंकलात. आता मी पाया पडून म्हणालो तरी थांबायचं नाही. फोन लावा साहेबांना. आत्ताच्या आत्ता."

मावशी म्हणाल्या, "लिफ्टवाले, पेढे नाहीत तर निदान चहा तरी पाजा."

सगळ्यांच्या देखत त्याला साहेबांना फोन लावावा लागला. साहेब खूश झाले. परवाच ये म्हणाले. म्हाताऱ्यानं दुपारभर येईल त्या गिऱ्हाइकाला हात धरून बोळीत नेलं आणि 'आमच्या जावयानं' असं म्हणत रोपं दाखवली. गिऱ्हाइकं त्याच्याकडं कौतुकानं बघत. तो मान हलवत होता. दोन वर्षं ज्या दिवसाची वाट बघितली तो हा दिवस, आणि त्याला कुठं तोंड लपवू असं झालं होतं.

संध्याकाळी तो वर गेला तेव्हा बायकोनं कपाटावरची बॅग खाली काढून कॉटवर उघडली होती. ती त्याच्या शर्टांच्या घड्या घालत होती. आठ शर्ट, तीन पॅंट, दाढीचं सामान रुमालात गुंडाळलेलं. बॅगेत अजून जागा होती. तिनं ती त्याच्या बुटांनी भरली.

तो दारात उभा राहून बघत होता. 'तुझे कपडे कुठायत' असं तोंडावर आलेलं त्यानं गिळलं. निदान एवढं तरी त्याला आज कळलं होतं की हे म्हणजे विचारणं नव्हे. तो कॉटच्या कडेला बसला.

"माझ्याबरोबर येतेस का?" त्यानं विचारलं.

तिनं हातातल्या शर्टाचं वरचं बटण लावलं, कॉलर सारखी केली. बराच वेळ लावला तिनं त्याला.

"दोन वर्षांपूर्वी विचारलं असतंत," ती म्हणाली, "तर एका पायावर आले असते."

"आणि आता?"

"आता नाही." तिनं शर्ट बॅगेत ठेवला आणि चेन ओढली.